फ्रीझरमधला पाव

गेल्या महिन्यात उत्साहाच्या भरात किलोभर मैदा मळला. जेवायला सहा जण यायचे होते, आले दोघं. टम्म फुगलेलं निम्मं पीठ डब्यात कोंबून फ्रीझरमध्ये ढकललं. पंधरा दिवसांनी काढून लादीपाव लावला. ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यानं वेलदोडे कुटता आले असते.

आपल्याला सवय कणकेची. फ्रिजमध्ये ती काळी पडली तरी पोळी होतेच. पावाच्या पिठात मात्र यीस्ट असतं, आणि ते जिवंत असतं. घरचा फ्रीझर उणे 18 अंशांचा असला तरी मोठा गोळा आतपर्यंत गोठायला फार वेळ घेतो. तेवढ्यात पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि यीस्टच्या बऱ्याच पेशी मरतात. मेलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन पाझरतं, ते मैद्याचा चिवटपणा सैल करतं. म्हणजे पीठ फुगत नाही, आणि फुगलंच तर हवा धरून ठेवत नाही. त्यात, कामाला लागलेलं यीस्ट थंडीला जास्त हळवं. माझी चूक तीच होती : फुगल्यावर गोठवलं.

तेव्हा गोठवायचं तर मळल्यामळल्या. अर्धा किलो मैद्याला एरवी सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालत असाल तर दहा घाला. पाणी थंडगार आणि जरा कमी. पीठ तुकतुकीत झालं की फुगू न देता पावाएवढे गोळे करा आणि तळहातानं दाबून चपटे करा, म्हणजे लवकर गोठतील. तेलाचं बोट फिरवून ताटात सुटे ठेवा, कडक झाले की पिशवीत भरून हवा काढा. वर तारीख लिहा. लिहाच, कारण महिन्यानंतर भरवसा नाही. मी तीन आठवड्यांच्या पुढे जात नाही.

भाजायच्या आदल्या रात्री ते खाली फ्रिजमध्ये उतरवायचे. सकाळी गोल वळून, ओलं फडकं टाकून फुगू द्यायचे. घड्याळ बघू नका, बोट दाबून बघा. खड्डा हळूहळू भरून आला की ओव्हन तापवा. वीज जाऊन पीठ वितळलं असेल तर ते पुन्हा गोठवू नका. लाटून तव्यावर नान करा.

एवढं सांगूनही माझं मत वेगळंच आहे. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत दारात येतो, तिथे हा खटाटोप कुणी करणार नाही. आपल्याकडे तो नाही, म्हणून पिझ्झ्याच्या बेसपुरतं पीठ गोठवावं. पाव मात्र भाजून, पूर्ण निववून, त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकावा. फ्रिजमध्ये नव्हे, तिथे तो बाहेरच्यापेक्षाही लवकर शिळा होतो. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारून पाच-सात मिनिटं गरम ओव्हनमध्ये ठेवला की काम झालं.

माझ्या फ्रीझरमध्ये सध्या आठ पाव आहेत. पिठाचा गोळा एकही नाही.