लॅपटॉप दोघांचा, लॉगिन मात्र नवऱ्याचं?

तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या, बोईसर-पालघरच्या खोल्यांत आणि कॉलन्यांत राहणाऱ्या आपल्या अनेक घरांत आज लॅपटॉप आला आहे. हप्ते दोघांच्या कमाईतून जातात. पण मशीन सुरू केलं की पडद्यावर एकच नाव येतं, नवऱ्याचं. बायकोने काम करायचं ते त्याच्या खात्यात शिरून, त्याच्या पासवर्डवर. तिचं स्वतःचं खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वर्षानुवर्षं का मिळत नाहीत, हा आमचा प्रश्न आहे.

यावर आपलेच कार्यकर्ते हसून म्हणतात, "नवरा-बायकोत लपवायचं काय?" लपवण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न मालकीचा आहे. त्या खात्यात काय असतं ते पाहा: मुलीच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रं, बायकोच्या पीएफचं लॉगिन, बँकेचे जतन झालेले पासवर्ड, माहेरच्या बहिणीशी झालेलं बोलणं, संघटनेच्या बैठकीचं टिपण. हे सगळं दुसऱ्याच्या किल्लीखाली ठेवून तिला 'आपण एकच आहोत' असं ऐकवायचं, याला विश्वास म्हणत नाहीत. आणि विश्वास इतकाच पक्का असेल, तर नवऱ्याने तिच्या खात्यातून काम करावं. किती जण तयार आहेत?

मनुस्मृतीने बायको, मुलगा आणि दास या तिघांनाही धनाचा अधिकार नाकारला. त्यांनी कमावलं ते मालकाचं, असं सांगितलं. तो ग्रंथ आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात स्त्रीला मालमत्तेवर मर्यादित नव्हे, पूर्ण हक्क मागितला. ते बिल अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी दिलेल्या राजीनाम्यामागच्या कारणांत हे प्रमुख होतं. त्याआधी १९१६ सालीच त्यांनी दाखवून दिलं होतं की जात टिकते ती जातीबाहेरच्या लग्नाला बंदी घालून, आणि ती बंदी टिकते स्त्रीला बांधून ठेवून. बाई कोणाशी बोलते, काय वाचते, यावर डोळा ठेवणं हा जातीचा जुनाच धंदा आहे. आज तो डोळा ब्राउझरच्या हिस्टरीतून बघतो. डोळा आपल्या घरातला असला म्हणून तो आंबेडकरी होत नाही.

पालघरच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. नुसतं लाइक! त्यातूनच कलम ६६अ विरुद्धची लढाई उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. पण धडा शिल्लक आहे. पोलीस खात्यावरचं नाव पाहून दारात येतात. एकाच उघड्या लॉगिनमधून दोघं लिहीत असतील, तर कोणाचं वाक्य कोणाच्या गळ्यात पडेल? वेगळं खातं बायकोला वाचवतं, तसंच नवऱ्यालाही.

कायदा हे काम करील, या भ्रमात राहू नका. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, हे खरं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला कायद्याबाहेर ठेवलं आहे. आणि १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणजे उंबऱ्याच्या आतली समता आपल्यालाच आणावी लागेल.

आता कामाचं बोलू. फक्त क्रोममध्ये दोन प्रोफाइल करून भागत नाही, कारण मशीन उघडलेला माणूस दोन्ही प्रोफाइल उघडू शकतो. विंडोजमध्ये दोघांची वेगळी खाती आणि वेगळे पासवर्ड हवेत. त्यातही खरी मेख अ‍ॅडमिनची आहे. बायकोला खातं दिलं आणि अ‍ॅडमिन नवराच राहिला, तर तिच्या फाइली तो उघडू शकतो, तिचा पासवर्ड बदलू शकतो. ही समता नव्हे, ही पाटीलकी. म्हणून दोघांचीही रोजची खाती साधी ठेवा. अ‍ॅडमिनचं तिसरं खातं करा, त्याचा पासवर्ड दोघांना माहीत असू द्या. ते खातं वापरायचं झालं तर एकमेकांना सांगून वापरा. घरात दोन मशिनी असतील, तर जिची जी, तिची ती अ‍ॅडमिन. आणि ओटीपी? तिच्या बँकेचा, तिच्या पीएफचा ओटीपी तिच्याच मोबाइलवर यायला हवा. नाहीतर खातं नावापुरतंच.

वस्तीत संगणक वर्ग भरवणाऱ्या, १४ एप्रिलला व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या आपल्या प्रत्येक तरुणाला आमचं एवढंच सांगणं आहे: आज घरी जा आणि मशीन उघडा. पडद्यावर किती नावं दिसतात ते मोजा. एकच दिसलं, तर पुढचं भाषण करण्याआधी दुसरं खातं उघडा, आणि त्याचा पासवर्ड तिलाच टाकू द्या. तुम्ही तोंड फिरवून बसा.

जय भीम!