बाटली आली, पण पान कोण मांडणार?

हल्ली दिवाळीच्या भेटींत काजू-बदामाच्या डब्याबरोबर एखादी लांबट पुठ्ठ्याची पेटीही घरात शिरते. आत रेड वाईनची बाटली! कुणाचा मुलगा पहिल्या पगारातून आणतो, कुणाचे जावईबापू नाशिकहून येताना घेऊन येतात. "साधी नाहीये हं, रिझर्व्ह आहे. ओकच्या पिंपात मुरवलेली," असं वर कौतुकानं सांगतात. मग ती बाटली कपाटात साड्यांच्या मागे जाऊन बसते (सासूबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून) आणि लग्नाचा पंचविसावा वाढदिवस वगैरे आला की बाहेर निघते. त्या संध्याकाळी घरातल्या बाईला फर्मान सुटतं, "सोबत काहीतरी चटपटीत कर गं."

माझा आक्षेप आहे तो या 'चटपटीत'ला. चटपटीत म्हणजे काय, तर मसाला शेंगदाणे, कांदाभजी, तिखट शेव, हिरव्या मिरच्या वाटून लावलेलं काहीतरी. ही सगळी व्हिस्कीच्या बैठकीची चाल. आठ वाजता पुरुषमंडळी हॉलमध्ये बसणार, आतून बशांवर बशा जाणार, बाई कढईपुढे घामाघूम, आणि साडेअकराला "वाढ आता" असा आवाज येईपर्यंत भाताची शितं कडक झालेली. भूक तर कुणालाच उरलेली नसते! हीच चाल आपण जशीच्या तशी वाईनला लावून टाकली. फ्रान्स-इटलीत, जिथे ही वस्तू शेकडो वर्षं घराघरांत आहे, तिथे ती जेवणाबरोबर येते. घासभर जेवण, घोटभर वाईन. म्हणजे जेवणात काय असावं हा प्रश्न पहिला. आणि तो जिला चुलीपाशी उभं राहून चव कळते, तिनंच सोडवायला हवा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी कुणाला 'प्या' म्हणत नाहीये. दारूनं घरं कशी बसतात हे आपल्या गावांतल्या बायकांना कुणी शिकवायला नको. 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या आपणच. 2022 च्या जानेवारीत राज्य सरकारनं मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हेच' असं बरेच जण म्हणत होते. मला ते पटलं नाही. तिच्यात 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. द्राक्षाची असली म्हणून ती द्राक्षाचा रस होत नाही. 'हृदयाला चांगली' हेही आता सोडून द्या. थोडी घेतली तर चालते अशी सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलंय. घरात एक जरी माणूस असा असेल की ज्याला थांबता येत नाही, तर त्या घरात ती बाटली उघडूच नये. पण बाटली आलीच आहे, उघडायचीही ठरलीच आहे, तर मग निदान तिच्यापायी स्वयंपाक वाया जाऊ नये एवढंच माझं म्हणणं.

आता चवीचं. रेड वाईन कळायला इंग्रजी पुस्तकं लागत नाहीत, कारण तिच्या गोड-आंबटामागे उभी असलेली चव आपल्या ओळखीची आहे. तुरट! इंग्रजीत त्या द्रव्याला टॅनिन म्हणतात. काळ्या द्राक्षांचा रस साली-बियांसकट आंबवतात. सालीतून रंग येतो, साल आणि बीमधून तुरटपणा. लाकडी पिंपात मुरवली तर त्या लाकडाचाही थोडा उतरतो. आपण खातो ती थॉमसन द्राक्षं पातळ सालीची नि बिनबियांची. वाईनची त्याहून बारीक, जाड सालीची आणि बियाळ. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते? सुपारी चघळल्यावर? तेच हे. षड्रसांत तुरटाला जागा देणाऱ्या आपल्या लोकांना यात नवं काय आहे?

हा तुरटपणा मऊ कशानं होतो, तेही आपल्याला रोज सकाळी दिसतं. कोरा चहा जास्त उकळला तर घशाला ओढतो. त्यात दूध पडलं की गप्प बसतो, कारण दुधातली प्रथिनं त्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात. वाईनच्या बाबतीत हेच काम मटण करतं, पनीर करतं, चीज करतं. प्रथिनं, स्निग्धपणा आणि बेताचं मीठ. परदेशात रेड वाईनबरोबर मटण नाहीतर चीज का असतं, याचं उत्तर आपल्या चहाच्या पातेल्यात आहे म्हणा ना!

म्हणूनच जी बाई वाईनला तोंड लावणार नाही, तिलाही हा बेत उत्तम ठरवता येतो. कडक कोरा चहा करावा, बिनसाखरेचा, आणि निववावा. एक घोट घ्यावा, मग भाजीचा एक घास, मग पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा मऊ लागला तर भाजी जमली. जास्तच बोचरा लागला तर मसाल्यात काहीतरी चढलंय. अगदी तंतोतंत नाही, पण अंदाज पक्का येतो.

चढलेलं असतं ते बहुतेक वेळा तिखट. मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते, आणि आग झालेल्या जिभेला तुरटपणा आणखीच टोचतो. तांबडा रस्सा माझ्याही जिवाचा आहे, पण त्याच्यासोबत ही महागाची बाटली म्हणजे दोघांचं भांडण. तिखट कमी म्हणजे मसाला कमी असं मात्र नाही हं. लवंग, दालचिनी, दगडफूल, मिरी खुशाल घाला. शिराझ नावाच्या द्राक्षाच्या वाईनला मुळातच मिरीची झाक असते.

गेल्या वर्षी आमच्या पुतणीनं अशीच एक शिराझ आणली. मी तिलाच विचारलं, "उघडायची कधी ते सांग, बेत मी सांगते." सुकं मटण केलं, कांदा-खोबरं चांगलं खरपूस भाजून, मिरचीपूड निम्मी, बाकी काम मिरीवर. आमच्या घरात अर्धी मंडळी शाकाहारी. त्यांच्यासाठी मासवडी केली, आणि खरं सांगू? ताटात वरचढ तीच ठरली. तीळ, खोबरं, खसखस, भाजलेला कांदा-लसूण, वर बेसनाचं कवच. तेलकटपणाही आहे, प्रथिनंही आहेत. झणझणीत रस्सा तेवढा बाजूला ठेवला, ज्याला हवा त्यानं नंतर घ्यावा. मासवडी जुन्नर-नारायणगावकडची, आणि 1980 च्या दशकात वाईनचा एक मोठा कारखानाही नारायणगावलाच उभा राहिला होता. इतक्या शेजारी राहून या दोघींची गाठ कुणी घालून दिली नाही, याचं मला नवल वाटतं.

दाण्याचं कूट नि तीळ घातलेली भरली वांगीही चालतील, चिंच मात्र चिमूटभरच. खानदेशी भरीत तर छानच, मिरच्या हात राखून घातल्यात तर. वाईनची पिंपं आतून विस्तवानं शेकलेली असतात, त्यामुळे पिंपात मुरलेल्या वाईनला एक धुरकट वास असतो. काड्यांवर भाजलेल्या वांग्याशी तो जुळतो. सोबत ज्वारीची भाकरी. बाहेरचे ऑलिव्ह नि परदेशी चीज आणलेच पाहिजेत असं काही नाही. तालुक्याच्या गावात ते मिळतात कुठे, आणि मिळाले तर ताजे असतात का?

मासळी मात्र त्या दिवशी नको. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं की रेड वाईनमधल्या लोहामुळे मासळीचा हिंवस वास तोंडात उसळतो. आपल्या बायकांनी एका घासात सांगितलं असतं, ते निराळं. कैरीचं लोणचं, लिंबाची फोड यांपुढे वाईन पाणचट लागते. आणि श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांच्या जोडीला ती चक्क आंबट-कडू होते. गोड करायचंच आहे ना, लग्नाचा वाढदिवस आहे, करा. पण पेले उचलल्यावर वाढा.

बाटलीचंही थोडं. बूच खरं, म्हणजे झाडाच्या सालीचं असेल, तर ती ठेवायची आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. (आडवी बाटली इथेही जिंकलीच!) फिरकीच्या झाकणाची उभी चालते. फ्रिजच्या डोक्यावर आणि गॅसजवळ ठेवू नये. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला घ्यावी' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांची खोली 16-18 अंशांची होती, आपली मे महिन्यात चाळिशी गाठते. तेव्हा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. 750 मिलिलिटरच्या बाटलीत पाचच पेले होतात, हेही पाहुण्यांची संख्या मोजताना ध्यानात असू द्या. उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. नंतर ती मटणाच्या रस्श्यात घालावी.

त्या दिवशी आमच्याकडे सगळं एकदमच वाढलं, मधे उठायचं नाही असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. भाकऱ्या थोडा वेळ आधी करून फडक्यात गुंडाळल्या होत्या. भावोजींनी विचारलं, "वहिनी, भजी नाहीत का?" मी म्हटलं, "नाहीत. बसा." सासूबाई पेल्याचा वास घेऊन "काढ्यासारखं आहे गं" म्हणाल्या, त्यांनी ताक घेतलं आणि मासवडी दोनदा मागून घेतली. जाऊबाई पहिल्यांदाच सगळ्यांच्या पंगतीला बसल्या. एरवी त्या वाढायलाच असतात. त्यांनी वाईनला हातही लावला नाही. पण मटणात मिरी किंचित जास्त झाल्याचं त्याच म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं की नाही यावर पुतणी नि त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या.