बारावीचे सत्कार पुरे झाले, पोरं पदवीपर्यंत न्या



सोयाबीन २५ दिवसांचं झालं. पहिली कोळपणी उरकली, वापसा बरा आहे. तुरीच्या ओळीत थोड्या नांग्या पडल्यात, त्या उद्या भरायच्या. पिकाची नोंद एवढीच. आज दुसरंच लिहायचं आहे आणि ते गावातल्या काही जणांना लागणार आहे. लागू द्या.

परवा १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाची बैठक झाली. ठरलं ते दरवर्षीचंच. बारावीला चांगले मार्क पडलेल्या आणि कॉलेजात नंबर लागलेल्या पोरापोरींचा सत्कार. शाल, नारळ, ट्रॉफी आणि एक मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर पोराचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो कणगीएवढे. खर्च १८ हजार धरला. मी एकच विचारलं, तीन वर्षांपूर्वी ज्यांना शाल घातली त्यातली पदवीधर झाली किती? कुणाला सांगता येईना. मी घरोघर विचारून गेलो होतो म्हणून मला येत होतं. ११ पोरं होती. पदवी हातात आली चौघांच्या. दोघं विषय राहून लटकलेत. उरली पाच. एक पिकअप चालवतो, दोघं कंपनीत कंत्राटी कामाला, दोन पोरींची लग्नं झाली. पोरं घरी आली तेव्हा कुणी फ्लेक्स लावला नाही, आणि का आली हेही कुणी विचारलं नाही.

उगवण झाली म्हणून रास झाली असं आपल्यात कुणी म्हणत नाही. बी वर आलं की खरी मेहनत सुरू होते हे शेंबड्या पोराला कळतं. मग स्वतःच्या लेकरांच्या बाबतीत आपण उगवणीलाच हार का घालतो?

आता कुणी म्हणेल, पोरांत दम नव्हता. साफ खोटं. दम नसता तर बारावीला गावानं बोलावून शाल घातली असती का? त्या पिकअपवाल्याचंच सांगतो. जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी.ला होता. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. त्याच्याच वर्गात एका मास्तरांचा मुलगा, त्याचे तीन राहिले. मास्तरांच्या घरी काय झालं? बाप म्हणाला, एटीकेटी आहे, निघतील पुढच्या वेळी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव, मार्क कमी दिलेत वाटलं तर पुनर्तपासणीला टाक, तारीख तेवढी चुकवू नको. विषय संपला, पोरगं जेवून झोपलं. आणि ह्याच्या घरी? बापाला एकच शब्द कळला, नापास. आमच्या काळात दहावीला गणित राहिलं की माणूस सरळ औतामागं जायचा. बापानं तेच माप पोराला लावलं. शिव्या दिल्या नाहीत, नुसतं म्हणाला, जमत नसंल तर ऱ्हाऊ दे बाबा, पैसं तरी वाचत्याल. संक्रांतीला आलेलं पोरगं परत गेलंच नाही. राहिलेले विषय डोक्यावर घेऊन पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, एवढं एक वाक्य त्या घरात बोलणारं कुणी नव्हतं. तीन विषयवाला आज एम.एस्सी. करतोय.

हा फरक अकलेचा नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढतंय, त्या घरात विचारायला माणूसच नसतं. मी स्वतः दहावी पास. युरियाच्या गोणीत नत्र किती हे झोपेत सांगीन. पण सेमिस्टर, क्रेडिट, बॅकलॉग हे शब्द मला पोरांनी शिकवले. आणि कागदावर जे शब्द येतात त्यांना आपली माणसं भितात. मोर्चात पोलिसांना भिणार नाहीत, कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कला भितात.

दुसरी तऱ्हा शिष्यवृत्तीची. योजना नाहीत असं कुणी म्हणू नये, भरपूर आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं फीची योजना आहे, अल्पभूधारकांच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलं केलं. पण पीएम किसानचा २ हजारांचा हप्ता कधी पडणार हे आपल्याला पाठ असतं आणि ह्यातलं एक नाव सांगता येत नाही. महाडीबीटीचा अर्ज पहिल्या वर्षी ऑनलाइन सेंटरवाला भरून देतो. पासवर्ड त्याच्याच वहीत. दाखल्यात नावाची एक वेलांटी इकडची तिकडं असली की अर्ज परत येतो. तो परत आलाय हे पोराला कळत नाही, कारण पासवर्ड सेंटरवाल्याकडं. तारीख निघून जाते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं हे निम्म्यांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं एकदा भरला की तीन वर्षं चालू. बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं तर मंजूर झालेला पैसाही लटकतो. आमच्या गावातल्या दोघांचा पहिल्या वर्षाचा पैसा दुसरं वर्ष निम्मं सरल्यावर आला. तोवर मेसवाला थांबतो का?

फी माफ होते, पोट माफ होत नाही. गावापासून लांब राहायचं म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे महिन्याला ३ हजार, एस.टी., झेरॉक्स, प्रॅक्टिकलच्या वह्या. हा पैसा लागतो जुलैत आणि ऑगस्टात. शेतकऱ्याच्या घरी नेमकं तेव्हाच काय असतं? बी-खताची उधारी. सोयाबीन हातात येणार दसरा-दिवाळीला. म्हणून पोरगं रात्री कुठंतरी हॉटेलात नाहीतर गोदामात कामाला लागतं, सकाळी वर्गात पेंगतं, मग वर्गातच जात नाही, मग परीक्षेला बसू देत नाहीत. हे सगळं पाच-सहा महिन्यांत होतं. आणि ते घडत असताना कॉलेज काय करतं? मे-जूनमध्ये जागा भरायच्या म्हणून ज्या कॉलेजचे प्राध्यापक आमच्या ओट्यावर चहा प्यायला येतात, पाच-पाच फोन करतात, त्याच कॉलेजातून पोरगं ४० दिवस वर्गात नसलं तर घरी एक फोन येत नाही. वर, सोडून जातो म्हणालं की राहिलेल्या फीसाठी मूळ कागद दाबून ठेवायचे. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नका असं यूजीसीनं सांगून ठेवलंय, पण ते खिडकीपाशी सांगणार कोण?

पोरींचं तर आणखी नाजूक. पोराचं एक सेमिस्टर हुकलं तर तो रिकामा फिरतो. पोरगी एक सेमिस्टर घरी बसली की स्थळं यायला लागतात. विषय राहिला, पैसा अडकला, हॉस्टेलला नंबर लागला नाही, कारण काहीही असो, शेवट एकच. सध्या गावातली एक पोरगी दुसऱ्या वर्षात आहे, एक विषय राहिलाय, आणि तिच्या घरी पाहुण्यांचं येणं-जाणं सुरू झालंय. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. तिच्याकडं अजून चार-पाच महिने आहेत, तेवढ्यात गाव म्हणून आपण काय करतो ते बघायचं.

एक गोष्ट आपण पार विसरलो. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ जातीजातीची, धर्माधर्माची बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवणारं वसतिगृह चालवलं, आणि ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ह्या दोघांना एक कळलं होतं. शाळा काढली तरी खेड्यातलं पोर टिकणार कुठं, खाणार काय? म्हणून राहण्या-जेवणाची सोय त्यांनी आधी बघितली. जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालतो आपण. मेसची आगाऊ भरायची म्हटलं की खिशात हात जात नाही.

बैठकीत एक जण म्हणाले, आम्ही नाही का हाल काढून शिकलो, पोरांचे लाड कशाला? दादा, कमवा आणि शिका ही भाऊरावांचीच वाट. पण तिथं काम संस्थेच्या नजरेखाली होतं, कामाला काम आणि अभ्यासाला अभ्यास. गोदामात रात्रभर खोकी उचलणं म्हणजे कमवा आणि शिका नव्हे, ते नुसतं कमवा आहे.

दुसरे म्हणाले, पदवी घेऊन तरी नोकऱ्या कुठं आहेत? खरंय, नाहीत. पण राज्यसेवेची परीक्षा असो, फौजदाराची असो की बँकेची, पहिली अट पदवीची असते. कुठल्याही शाखेची चालते, पण पुरी लागते. दोन वर्षं शिकून सोडलेल्याला तिथं अर्जसुद्धा करता येत नाही. फुलोऱ्यात पाणी तोडलेल्या हरभऱ्यासारखी गत. आता नव्या धोरणात एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनी पडलं तर डिप्लोमा द्यायची सोय आहे. ज्याला नड आहे त्याला असू द्या. पण माझी भीती सांगतो, मधल्या दारानं बाहेर पडणारी गर्दी आपल्याच पोरांची असणार, आणि त्यालाच लोक सोय झाली म्हणणार.

मी बैठकीत मांडलं ते इथंही लिहितो. यंदा बारावीवाल्यांना नुसतं गुलाबाचं फूल द्या आणि टाळ्या वाजवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली जी पोरं टिकून आहेत त्यांना स्टेजवर बोलवा आणि कुठं अडलंय ते माइकवर नाही, खाली बसून विचारा. फ्लेक्सचे १८ हजार म्हणजे एका पोराची सहा महिन्यांची मेस होते. ती उचल म्हणून द्या, शिष्यवृत्ती आली की पोरगं परत करील, पुढच्याला मिळेल. सोसायटीचं पीककर्ज फिरतं तसं हे फिरेल. आणि जी चार पोरं पदवीधर झाली त्यांनी प्रत्येकी दोघा-तिघांना महिन्यातून एक फोन करायचा. हजेरी किती, विषय कोणता राहिला, अर्ज कुठं अडला, एवढंच विचारायचं. दोघं तयार झालीत. तिसरा कळवतो म्हणाला.

मंडळींनी ऐकून घेतलं, फ्लेक्सचा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी थांबत नाही. दुरेघी वही आणलीय, गावातून बाहेर शिकायला गेलेली २३ नावं लिहून झाली, वाडीवरची राहिलीत. ज्यांची पोरं दुसऱ्या वर्षात आहेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर या. मागच्या सेमिस्टरची मार्कलिस्ट, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आधार आणि महाडीबीटीचा पासवर्ड घेऊन या. पासवर्ड सेंटरवाल्याकडं असेल तर शनिवारीच मागून घ्या, रविवारी त्याचं दुकान बंद असतं.