पेन्शनचं वय ५८ वरून ६० झालं तर? खासगी नोकरदारांसाठी सोपं गणित

खासगी कंपन्यांतल्या पेन्शनबद्दल दोन प्रश्न सतत चर्चेत असतात. पगाराची १५ हजारांची मर्यादा वाढणार का? आणि पेन्शन सुरू होण्याचं वय ५८ वरून ६० होणार का?

पहिल्या प्रश्नावरचे मेसेज भरपूर फॉरवर्ड होतात. दुसऱ्याकडे फारसं लक्ष जात नाही. पण त्याचा फटका मोठा बसू शकतो. कसा, ते समजून घेऊ.

सध्याचा नियम काय?

ही पेन्शन मिळते १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून, म्हणजे ईपीएसमधून. कंपनी पीएफसाठी जे १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात. मर्यादा १५ हजारांची असल्याने ही रक्कम महिन्याला साधारण १,२५० रुपये होते. केंद्र सरकार आणखी १.१६ टक्के देतं. तुमच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के मात्र पूर्णपणे पीएफमध्येच जातात.

किमान १० वर्षं सेवा असेल, तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. हिशोब असा: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल, तर दोन वर्षं बोनस मिळतात.

निवृत्तीचं वय आणि पेन्शनचं वय एकच का?

नाही. निवृत्तीचं वय कंपनीच्या नियमांवर ठरतं, कुठे ५८ तर कुठे ६०. ईपीएस मात्र ५८ वरच चालते. नोकरी सुरू असली तरी ५८ व्या वर्षी पेन्शन घेता येते. त्यानंतर कंपनीचे १,२५० रुपयेही पीएफमध्ये जमा होतात.

वय ६० झालं तर?

समजा, एक कामगार २०१५ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी ईपीएसचा सदस्य झाला. २०४० मध्ये तो ५८ वर्षांचा होईल. मर्यादा १५ हजारच राहिली, तर २५ अधिक २, म्हणजे २७ वर्षांच्या हिशोबाने त्याला महिन्याला सुमारे ५,७८६ रुपये मिळतील.

वय ६० झालं आणि तो तोपर्यंत नोकरीत राहिला, तर पेन्शन होईल ६,२१४ रुपये. म्हणजे ४२८ रुपये जास्त. पण मधल्या २४ महिन्यांची पेन्शन, जवळपास १ लाख ३९ हजार रुपये, हातातून जाईल. ती भरून निघायला २७ वर्षं लागतील. तेव्हा त्याचं वय असेल ८७.

आणि ५८ व्या वर्षी नोकरीच नसेल तर? मग दोन वर्षं ना पगार, ना पूर्ण पेन्शन. सध्याही ५० नंतर पेन्शन लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात होते.

आज कुणाला ६० पर्यंत थांबायचं असेल, तर थांबता येतं. त्यासाठी वर्षाला ४ टक्के वाढही मिळते. म्हणजे निवड कर्मचाऱ्याच्या हातात आहे. वय बदललं तर तीच निवड जाईल.

मग सरकार असा विचार का करेल?

लोक जास्त जगतात, म्हणजे पेन्शनही जास्त वर्षं द्यावी लागते. ईपीएस फंडात दीर्घकालीन तूट असल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे. २०१४ पासूनची १,००० रुपयांची किमान पेन्शनही सरकारी मदतीवर चालते. पेन्शनधारकांच्या संघटना ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची मागणी करत आहेत, कारण ही पेन्शन महागाईनुसार वाढत नाही.

म्हणूनच पगाराची मर्यादा वाढल्याची बातमी आली, तर त्यासोबत वयाची अटही बदलली आहे का, हे आधी पाहा.

आत्ता काय करावं?

पासबुकमध्ये ईपीएसची रक्कम जमा होते का, ते तपासा. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढू नका, सेवा पुढे जोडून घ्या. काढले तर ती वर्षं हिशोबातून जातात, आणि १० वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.