मुलाच्या मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि घरचीं माणसें

मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागणार, एवढे शब्द कानांवर पडतांच सारें घर हवालदिल होतें. आजी देव पाण्यांत घालून बसतात, काका मोठ्यांतला मोठा शस्त्रवैद्य शोधूं लागतात. शस्त्रवैद्य कुशल हवा हें खरेंच. परंतु त्या वेळीं मुलाचें रक्षण केवळ त्याच्या हातावर अवलंबून नसतें. त्याचा कांहीं भाग घरच्या माणसांकडे असतो, व त्याविषयीं आपल्याकडे फारसें कोणी बोलत नाहीं.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. सहा किलो वजनाच्या तान्ह्या मुलाच्या अंगांत सारें मिळून सुमारें ४८० मिलिलिटर रक्त असतें. साठ किलोच्या माणसाचें ५० मिलिलिटर रक्त गेलें तर त्याला तें जाणवतहि नाहीं. या बाळाचा मात्र तेवढ्यानें दहावा हिस्सा जातो. त्यांतच डोक्याची त्वचा रक्तवाहिन्यांनीं भरलेली. म्हणून रक्त टिपलेले बोळे वजन करून पाहतात, आणि पहिला छेद घेण्यापूर्वींच जुळणारें रक्त तयार ठेवितात.

येथें घरांत हटकून एक प्रश्न निघतो. आमचें रक्त असतांना परक्याचें कशाला, असें वडील किंवा काका विचारतात. या प्रेमाचा आदर करूनहि सांगितलें पाहिजे कीं, जवळच्या नातलगाचें रक्त एका बाबतींत उलट अधिक धोक्याचें असतें. त्या रक्तांतील पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीराला परक्या म्हणून ओळखूं न येण्याचा संभव असतो. मग त्या तेथें ठाण मांडून मुलाच्याच शरीरावर उलटूं शकतात. हा विकार क्वचित् होतो, पण झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून नातलगाचें रक्त द्यावयाचेंच झालें तर त्यावर आधीं किरणांचा प्रयोग करावा लागतो. काकांनीं रक्त अवश्य द्यावें. तें रक्तपेढींत जमा होऊन दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडेल. परक्याचें म्हणजे कोणाचें, ही कुजबूज कांहीं घरांतून अजून ऐकूं येते. पिशवीवर रक्तगट असतो, रक्ताच्या तपासण्या झालेल्या असतात. त्याहून अधिक विचारण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट उपवासाची. भूल दिली असतां पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरण्याची भीति असते. साधारण नियम असा कीं, गाईचें दूध व हलकें अन्न सहा तास आधीं, आईचें दूध चार तास आधीं, व स्वच्छ पाणी दोन तास आधीं बंद करावें. रुग्णालयानें निराळें सांगितलें असल्यास तसें करावें. पहांटे मूल रडूं लागलें म्हणजे आजींचें मन द्रवतें व दोन चमचे दूध त्याच्या तोंडीं जातें. गेलें तर गेलें, पण तें भूलतज्ज्ञांना सांगावें. शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल, इतकेंच. लपविलें तर मुलाच्या जिवावर बेतेल. सर्दी-खोकल्याचेंहि तसेंच. धरलेला मुहूर्त टळूं नये म्हणून मुलाचा ताप न सांगणारीं घरें चांगलीं शिकलेलीं असतात, याचें नवल वाटतें. फेफऱ्याचें औषध मात्र उपवास आहे म्हणून आपण होऊन बंद करूं नये. त्या सकाळीं तें कसें द्यावें हें विचारून घ्यावें.

भूल देतांना नाडीची नोंद कागदावर ठेवण्याची पद्धत बोस्टन येथें १८९४ सालीं हार्वे कुशिंग व कॉडमन या दोन विद्यार्थ्यांनीं सुरू केली. कुशिंग पुढें मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आद्य आचार्य झाला. १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रक्तदाब मोजण्याची दंडावरची पट्टी पाहून ती त्यानें अमेरिकेंत नेली, आणि १९२६ सालीं बोव्ही या शास्त्रज्ञाच्या साह्यानें विजेच्या योगें रक्तस्राव थांबविण्यास आरंभ केला. ही वीज आजहि वापरतात, व तिच्यामुळें धातूच्या दागिन्याखालीं अंग भाजण्याचा संभव असतो. तेव्हां वाळे, बिंदल्या, कमरेची साखळी, फार काय चांदीचा ताईतहि, आदल्या रात्रींच काढून ठेवावा. नखांचा रंगहि पुसावा, कारण बोटाला लावलेला चिमटा रक्तांतील प्राणवायु मोजीत असतो. डाव्या-उजव्या बाजूची खूण डॉक्टरांनीं केली असेल ती मात्र न्हाऊं घालतांना पुसूं नये.

तान्ह्या मुलाचें डोकें अंगाच्या मानानें मोठें असल्यामुळें त्यांतून उष्णता लवकर जाते. म्हणून खोली उबदार ठेवितात व उष्ण हवेचें पांघरूण घालतात. हें काम रुग्णालयाचें. आपण गरम कपडे आंत पाठविण्याचा आग्रह धरूं नये.

पहिल्या रात्रीं अतिदक्षता विभागांत परिचारिका मुलाला पुनःपुन्हां हाका मारून जागें करते, डोळ्यांवर उजेड टाकून बाहुल्या पाहते. लेकराला जरा झोपूं द्या हो, असें म्हणून तिला अडविण्याचा मोह घरच्यांना होतो. कवटीच्या आंत रक्त सांचूं लागलें असतां मूल जागें होईनासें होणें ही पुष्कळदां पहिली खूण असते, व तीच ती शोधीत असते. घरीं आल्यावरहि मूल वारंवार ओकूं लागलें, किंवा हाका मारून नीट जागें होईना, तर सकाळची वाट न पाहतां त्याला रुग्णालयांत न्यावें.