हजेरीपटावर नाव आहे, वर्गात जागा आहे का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांमध्ये गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात किंवा शाळेच्या पटांगणात मंडप पडतो. नगरसेवक येतात, मौलाना येतात, एखादे निवृत्त अधिकारी येतात. ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेल्या मुलामुलींना ट्रॉफी आणि शाल दिली जाते. ‘इल्म हासिल करो’ हे वाक्य प्रत्येक भाषणात ठरलेले. या समारंभांचे मला कौतुकच आहे. पण तिथल्या खुर्चीत बसलो की दरवर्षी एक प्रश्न छळतो. या मुलांबरोबर पहिलीला जी मुले बसली होती, त्यातली बाकीची कुठे गेली?

न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली, असे त्यात नोंदवले होते. मदरशात जाणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र जेमतेम तीन-चार टक्के निघाले. मुसलमान मुलांना मदरशात घालतात म्हणून मागे राहतात, हा लाडका समज त्या एका आकड्याने खोटा ठरवला. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ साली वेगळा अहवाल दिला. दोन्ही अहवालांवर आपण पुष्कळ बोललो, मोर्चे काढले, परिसंवाद घेतले. गरिबी, शाळांची कमतरता, आरक्षण, शिष्यवृत्ती हे मुद्दे आता आपल्याला पाठ आहेत.

पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे काहीतरी लिहिलेले असते. मुलाला विचारले, तर तो खाली मान घालून म्हणतो, “शाळेत मन लागत नव्हतं.” आई-वडीलही हेच सांगतात आणि आपणही मान हलवून पुढे जातो. जणू मन न लागणे हा मुलाच्या स्वभावाचा दोष आहे. मला वाटते, आपल्या शिक्षणाच्या सगळ्या चर्चेत याच तीन शब्दांकडे सर्वांत कमी लक्ष गेले. मन का लागत नाही, हे कुणी विचारतच नाही.

मन न लागण्याची सुरुवात कधी कधी हजेरीपासूनच होते. बाईंना नाव नीट उच्चारता येत नाही. वर्ग हसतो, बाईही हसतात. मधल्या सुट्टीत डबा उघडला की “तुमच्यात रोज मटणच असतं का?” भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी “काल कुणाच्या बाजूने होतास?” विचारणाऱ्याला ही गंमत वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र दरवेळी आपले इथले असणे सिद्ध करावे लागते. नाझिया इरम यांनी शंभराहून अधिक कुटुंबांशी बोलून ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे पुस्तक लिहिले. त्यात महागड्या शाळांतल्या मुलांचे अनुभव आहेत. वातानुकूलित वर्गातही ‘पाकिस्तानी’ आणि ‘दहशतवादी’ ही विशेषणे पोहोचली आहेत. म्हणजे पैसा आला, मोहल्ला सुटला, इंग्रजी माध्यम मिळाले, तरी या प्रश्नातून सुटका होत नाही.

या मानसिकतेचे टोक ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यात दिसले. पाढे आले नाहीत म्हणून एका लहान मुस्लिम मुलाला उभे करून शिक्षिका वर्गातल्या इतर मुलांना एकेक करून त्याच्या थोबाडीत मारायला लावत होती. चित्रफीत देशभर फिरली. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये जे आदेश दिले, त्यातली एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. मार खाल्लेल्या मुलाचे व्यावसायिक समुपदेशकाकडून समुपदेशन करा, आणि ज्या मुलांना मारायला लावले त्यांचेही करा, असे न्यायालयाने सांगितले. पुढे या कामात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची मदत घेण्यात आली. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. द्वेष शिकवला की तो शिकणाऱ्या मुलाचेही नुकसान होते, हे त्यात मान्य केले आहे. शिक्षा झालेले मूल आणि शिक्षा द्यायला लावलेली मुले, सगळी एकाच वर्गाची आहेत.

सगळा दोष शाळेतल्या पूर्वग्रहावर टाकून चालणार नाही. भाषेचा प्रश्न आहे. आपल्याकडे मूल घरी दखनी बोलते, कोकणात कोकणी बोलते, सातवी-आठवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकते. नंतर जवळ उर्दू माध्यमिक शाळा नसते म्हणून मराठी शाळेत जाते, नाहीतर अकरावीला एकदम इंग्रजीत पडते. कालपर्यंत वर्गात पहिला हात वर करणारी मुलगी आज शेवटच्या बाकावर गप्प बसते. तिला विज्ञान येत असते, पण ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द तिने कधी ऐकलेला नसतो. शिक्षक तिला ‘ढ’ समजतात आणि सहा महिन्यांनी ती स्वतःही तसेच समजू लागते. हा उंबरठा ओलांडताना हात धरायला कुणी नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिन्यांचा भाषेचा वर्ग घेतला, तरी यातली कितीतरी मुले वाचतील. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

घराचा प्रश्न आहे. भिवंडी-मालेगावात लूमच्या खटखटाटात आणि गोवंडीच्या एका खोलीत सात माणसांमध्ये अभ्यास करायचा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आणि पैशाचा प्रश्न तर आहेच. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांना मिळणारी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, मग शिष्यवृत्ती कशाला, असा युक्तिवाद होता. पाचवीपर्यंतच्या मुलाला वर्षाला हजार रुपये मिळत. मंत्रालयात बसून ती रक्कम किरकोळ वाटते. पण त्या हजारात दप्तर येत होते, बूट येत होते, कंपासपेटी येत होती. फाटक्या बुटांमुळे कवायतीला मागे उभे राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती शिष्यवृत्ती म्हणजे इतरांच्या रांगेत उभे राहण्याची सोय होती. समता हा शब्द मोठा आहे; मुलाला तो बुटांतून कळतो.

आता कायद्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घालते. कलम २९ त्याहून पुढे जाते. मूल भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त राहावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे, हे ते कलम शिक्षणाच्या उद्दिष्टांतच घालते. संसदेने मुलांसाठी याहून सुंदर काही क्वचितच लिहिले असेल. पण २०१४ साली प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला. मदरसे तर २०१२ च्या दुरुस्तीनेच बाहेर होते. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. ते प्रकरण महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम शिक्षण संस्थेच्या याचिकेतून उभे राहिले होते.

घटनेच्या कलम ३० ने दिलेला संस्था चालवण्याचा हक्क मला प्रिय आहे, तो टिकलाच पाहिजे. पण आपल्या संस्थाचालकांना मला एक विचारायचे आहे. शिक्षक नेमताना, प्रवेश देताना, अनुदान घेताना आपण हा हक्क पुढे करतो. मग मुलाला भीतीमुक्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकली नसेल, तर ती आपण स्वतःहून का घेऊ नये? आपल्या किती शाळांमध्ये तक्रारपेटी उघडली जाते? किती मकतबांमध्ये अजून छडी भिंतीला टेकवून ठेवलेली असते? हजरत अनस यांनी लहानपणापासून दहा वर्षे पैगंबरांची खिदमत केली आणि त्या काळात पैगंबरांनी त्यांना कधी ‘उफ्’ देखील म्हटले नाही, ही हदीस मिंबरवरून अनेकदा सांगितली जाते. ती मिंबरवरून उतरून मकतबपर्यंत यायला हवी. सुन्नत पाळायची तर इथूनही सुरुवात करता येईल.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गोपनीयपणे करता यावी. या सूचनांची गरज महाराष्ट्राला किती आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत दिसते. त्या वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता.

“फी भरायला पैसे नाहीत आणि तुम्ही समुपदेशक मागता,” असे यावर मला ऐकवले जाते. आक्षेप खरा आहे, म्हणून व्यवहाराचे बोलतो. पाच शाळांनी मिळून एक समाजकार्यकर्ती नेमता येते. आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेता येतो. तिला उर्दू-दखनी यावी, म्हणजे आईलाही तिच्याशी बोलता येईल. पालकसभा दुपारी बाराला ठेवली तर लूमवरचा कामगार आणि धुणीभांडी करणारी आई येणार नाही. ती रविवारी किंवा इशानंतर ठेवा. मशिदीचे सभागृह आणि जमातखाने नमाज आणि कार्यक्रमांखेरीज बराच वेळ बंद असतात. तिथे दिवे, पंखे आणि सतरंज्या आहेतच. संध्याकाळी तिथे अभ्यासिका सुरू करा. काही ठिकाणी ती सुरू झालीही आहे. मात्र मुलींसाठी वेळ आणि जागा पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर अभ्यासिका मुलांची होते आणि मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून वाचत राहते.

घरात एक बदल हवा. मूल जेवत नाही, बोलत नाही, रात्री दचकून उठते, की आपण “नजर लागली” म्हणतो आणि दम करून आणतो. दुआ जरूर करा. पण त्याच दिवशी त्याच्याजवळ बसून शाळेत काय झाले तेही विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. समुपदेशकाकडे नेले म्हणजे पोर वेडे ठरत नाही, आणि मुलीला नेले म्हणजे तिचे स्थळ मोडत नाही. हे वाक्य जुम्माच्या खुतब्यात एकदा ऐकू आले, तर शंभर पत्रकांचे काम होईल.

मराठी शाळांमधल्या शिक्षकांना, माझ्या बिगरमुस्लिम मित्रांना, फार मोठे काही मागत नाही. नाव नीट उच्चारायला शिका. रोजा असलेल्या मुलाला मैदानावर धावायला लावण्याआधी विचारा. ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द वर्गाबाहेर ठेवा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने धर्म दिसू नये म्हणून हिजाब आणि टोपीवर बंदी घातली, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले होते की नावावरून धर्म कळत नाही का? वेगळेपण झाकून समता येत नसते. ते दिसत असतानाही मूल निर्धास्त बसू शकले पाहिजे.

हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नाही. आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलीला, पालावरून येणाऱ्या भटक्या-विमुक्तांच्या मुलाला, आडनावावरून जात ओळखली जाणाऱ्या दलित मुलाला ते आपल्याहून आधीपासून ठाऊक आहे. १८५५ साली पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या शाळेची इमारत कशी होती, निकाल किती टक्के लागला, हे आज कुणी विचारत नाही. एका मुलीला तिथे न घाबरता बोलता आले, एवढे पुरेसे आहे. शाळेचे मोठेपण मोजायला मला याहून चांगले माप ठाऊक नाही.

म्हणून येत्या जूनमध्ये गुणगौरवाच्या मंडपात एक ट्रॉफी कमी करा आणि त्या पैशांत एक यादी तयार करा: या मोहल्ल्यातून यंदा कोणकोणत्या मुलांनी शाळा सोडली. मग दोन-चार जणांनी त्या घरांत जाऊन बसावे. उपदेश करू नये. “मन का लागत नव्हतं, बेटा?” एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.