भ्यायचे कुणाला?

दिवाळी जवळ आली की आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये हल्ली दोन तक्रारी हमखास कानी पडतात. पहिली संस्कृतिरक्षकांची : "सोसायटीतली पोरे भोपळे कोरतात, अंगावर हाडांचे सापळे रंगवतात, दारोदार चॉकलेटे मागत फिरतात; हे हॅलोविन आपल्या मुळावर आले आहे!" दुसरी सुशिक्षित पालकांची : "रोबोट येणार, सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, आमच्या पोरांचे कसे व्हायचे?" मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरीही छातीठोकपणे सांगतो, की या दोन्ही तक्रारींत आपण भीती भलत्याच दारी नेऊन बांधली आहे.

पहिलीचा समाचार आधी घेऊ. अहो, भुतांचे आपल्याला वावडे कधी होते? पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, माळावरचा चकवा, कोकणातला गिऱ्हा. एवढे गणगोत ज्यांच्या घरी, त्यांनी आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या आणि तिथून इथे आलेल्या एका सणापुढे का गडबडावे? वेताळाला नारळ फोडणारे आपण भोपळ्याला भ्यालो, तर वेताळच हसेल! २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. ज्या पोरांनी पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडले, त्यांनीच संध्याकाळी मुखवटे चढवले. धर्म बुडाला नाही. फराळाच्या ताटात दोन चॉकलेटे जास्त पडली, इतकेच.

माझे भांडण निराळे आहे. भूत ही निव्वळ करमणूक झाली ती अलीकडे. आमच्या पूर्वजांच्या भुतांना जन्मदाखला असे. मुंज होऊन लग्नाआधी जो गेला तो मुंजा. बाळंतपणाच्या दहा दिवसांत जी गेली ती हडळ. म्हणजे घराला ज्या मरणाची धास्ती, त्याच मरणाचे भूत. ते खोटे होते, पण त्यामागची भीती खरी होती. आणि ही हडळ शेवटी हटली कशाने? मांत्रिकाच्या केरसुणीने खासच नाही. बाळंतिणी सूतिकाज्वराने जात. त्यावर उतारा मिळाला तो धुतलेल्या हातांत, दवाखान्यात आणि पेनिसिलिनमध्ये. ते पेनिसिलिन १९५५ पासून आपल्या देशात कुठे तयार होऊ लागले? याच आमच्या पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात! ज्या गावाने हडळीचा असा बंदोबस्त केला, त्या गावाने नव्या भुतांपुढे हात जोडून बसावे, याची मला चीड येते.

आता दुसरी तक्रार. 'रोबोट' हा शब्द कारखान्यात जन्मला नाही. तो नाटकात जन्मला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले, आणि कृत्रिम माणसांसाठी हा शब्द त्याला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावी लागणारी चाकरी. आपल्याकडे तिला वेठ म्हणतात. म्हणजे रोबोट हा मुळात राक्षस नाही, तो वेठबिगार आहे! त्याला वेठीला धरणारा कोण, हा नाटकातला खरा प्रश्न. आपण तो धनी विसरलो आणि बिगाऱ्याला भिऊ लागलो.

१९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. काम कोणते? साच्यातून निघालेले तापलेले धातूचे तुकडे उचलण्याचे. ज्या कामात माणसाचा हात भाजतो, ते काम यंत्राने केले तर मी त्याला ओवाळीन.

रविवारी चिंचवड स्टेशनाजवळ आम्ही काही मित्र चहाला जमतो. त्यांतला एक चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात रोबोटांची देखभाल करतो. हॅलोविनवरून गोष्ट भुतांवर गेली आणि भुतांवरून रोबोटांवर. मी विचारले, "काय रे, तुला त्या यंत्राची भीती वाटत नाही?" तो हसला. म्हणाला, "मास्तर, ते पिंजऱ्यात असते. दार उघडले की जागच्या जागी थांबते. पुढे प्रकाशाचा पडदा असतो. त्यात हात गेला तरी थांबते. भीती वाटते ती आमच्या भावकीतल्या पोराची. तो शेडमध्ये प्रेसवर आहे."

शेड म्हणजे काय, ते भोसरी-चाकणकडच्या वाचकांना सांगायला नको. मोठ्या कारखान्याला लागणारे पत्र्याचे बारके तुकडे तिथे पॉवर प्रेसवर ठोकले जातात. प्रेसला दोन बटणे असतात, दोन हातांनी एकदम दाबायची. म्हणजे घाव पडताना एकही हात खाली राहू नये. पण तुकडे जास्त निघावेत म्हणून एक बटण चिंधीने बांधून ठेवतात. एक हात बटणावर, दुसरा साच्यात. मग एखाद्या रात्रपाळीत डोळा लागतो आणि दोन बोटे जातात. धोक्याच्या यंत्राला कठडा हवा, हे १९४८ सालच्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले होते. आज लाखो रुपयांच्या रोबोटाला पिंजरा आहे, आणि आईच्या पोटी जन्मलेल्या पोराच्या हातापुढे चिंधी आहे!

आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक शेडवालाही असतो. तो चिडून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला बोलायला काय जाते? वरची कंपनी दर वर्षी भाव पाडून मागते. कठडा बसवला की तुकडे कमी निघतात." त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच माझा सवाल त्याच्याबरोबर वरच्यालाही आहे. तुकड्यात केसाएवढा फरक निघाला तर अख्खा माल परत पाठवणाऱ्यांना, तो तुकडा किती बोटांनिशी आला हे विचारायला काय हरकत आहे?

मी वर्गात मुलांना निबंध घातला : 'मला कशाची भीती वाटते?' कुणी भूत लिहिले, कुणी पाल, कुणी गणिताचा पेपर. रोबोटही पाच-सहा जणांनी लिहिला. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली : "पप्पांना ब्रेक मिळेल याची." बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : ठेक्यावरच्या कामगाराला काही महिन्यांनी घरी बसवतात, कायमचा हक्क सांगता येऊ नये म्हणून, त्याला आमच्याकडे 'ब्रेक देणे' म्हणतात. त्या पोरीला रोबोटाचे भय नव्हते. तिच्या बापाची नोकरी खायला रोबोट यावा लागत नाही. एक सही पुरते.

रोबोट कामे घेणार नाही, असे मी म्हणत नाही. घेतो आहेच. पण कुठले काम त्याला द्यायचे, त्याने मोकळ्या केलेल्या हातांना कुठला नवा हुन्नर शिकवायचा, वाचलेला पैसा कुणाच्या पेटीत पडायचा, हे रोबोट ठरवीत नाही. माणसे ठरवतात, आणि ती याच पट्ट्यात राहतात. भुताला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो. म्हणूनच तर भुताला भिणे सोयीचे पडते!

तेव्हा वाचकहो, पोरांना खुशाल भोपळे कोरू द्या. त्यांना हडळीची गोष्ट सांगा, आणि ती कशाने गेली तेही सांगा. खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडूचा हार घालतो, कुंकू लावतो. पुढच्या खंडेनवमीला हार घालण्याआधी कठडा आहे का, ते पाहा. आणि यंदा धनत्रयोदशीला अपमृत्यू टळावा म्हणून कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावाल, तेव्हा ज्यांच्या शेड आहेत त्यांनी दिवा लावून झाल्यावर एकदा शेडवर जावे आणि त्या दुसऱ्या बटणाची चिंधी सोडावी.